ग्रुपसेट बदलताय? आधी बीबी मोजा, या चुका टाळा

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारे पोट्टे आता बरेच झालेत, आणि दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की दोन-चार जणांचा फोन ठरलेला, दादा क्लॅरिस काढून वन-ओ-फाइव्ह टाकायचं म्हणतो (दोन्ही शिमानो कंपनीचे ग्रुपसेट, म्हणजे गिअर, ब्रेक, क्रँकचा संच). मी पहिला प्रश्न हाच विचारतो की फ्रेमचा बीबी शेल (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्या बेअरिंगवर फिरतो ते, जिथं बसतं ती फ्रेमची आडवी नळी) कोणता आहे, आणि पलीकडं शांतता. शिफ्टर माहीत, चेन सरकवणारं डिरेल्युअर माहीत, मागच्या कॅसेटचे दाते पाठ, पण ज्या भोकात क्रँक बसणार ते भोक कोणीच मोजलेलं नसतं. शहरात चुकीचा पार्ट आला तर माणूस संध्याकाळी दुकानात जाऊन बदलून आणतो, आपल्याकडं तो कुरिअरनं परत जाणार, दुसरा येणार, तोवर आठ-दहा दिवस सायकल गोठ्यात टांगलेली, आणि पॅकिंग फाटलं म्हणून दुकानदार परत घेईलच असंही नाही. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

अंदाजानं ऑर्डर करणं

सगळ्यात मोठी चूक हीच. बॉटम ब्रॅकेट म्हणजे दोन जागची गाठ, एक फ्रेमचा शेल आणि दुसरा क्रँकचा एक्सल. ग्रुपसेटचं नाव बघून बीबी ठरत नाही, या दोन मापांवरून ठरतो. वर्निअर कॅलिपर नाही म्हणून अडू नका, गावात पंपाच्या मोटारी वाइंडिंग करणारा असतोच, त्याच्याकडं वर्निअर असतो, आमच्याकडच्या माणसानं तर स्वतः सायकल आडवी करून, शेलची कड फडक्यानं पुसून, तीन ठिकाणी माप घेऊन खडूनं फरशीवर लिहून दिलं होतं. रुंदी मोजा आणि आतला व्यास मोजा, आणि आत आटे आहेत का गुळगुळीत आहे ते बोट फिरवून बघा.

आटे असतील आणि शेल ६८ मिमी रुंद असेल तर बहुतेक वेळा तो बीएसए म्हणजे इंग्लिश आट्यांचा, कपाचा (बीबीच्या बेअरिंगच्या वाटीचा) व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. रुंदी ७० निघाली तर सावध व्हा, तो इटालियन असू शकतो, ३६ मिमीचा, त्यात बीएसएचा कप कधीच पकडणार नाही. शेल गुळगुळीत असेल तर प्रेसफिट, म्हणजे दाबून बसवायचं कुटुंब: ४१ मिमी व्यास आणि ८६.५ रुंदी म्हणजे बीबी८६, ४२ आणि ६८ म्हणजे बीबी३०, ४६ आणि ६८ म्हणजे पीएफ३०. अलीकडच्या काही फ्रेममध्ये टी४७ येतो, आटे असलेला पण ४७ मिमीचा, त्यामुळं आटे दिसले की लगेच बीएसए समजू नका.

आता नावांचा घोळ बघा. शिमानोचा बीबी-आरएस५०० हा आट्यांचा आणि बीबी-आरएस५००-पीबी हा प्रेसफिट, फरक फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा. अकोटच्या एका मित्रानं घाईत मोबाइलवर दुसरा मागवला, फ्रेम होती बीएसएची, आणि डबा उघडल्यावर प्लास्टिकचे गुळगुळीत कप हातात, आटेच नाहीत.

एक्सल सगळे सारखेच समजणं

शिमानोचा हॉलोटेक टू एक्सल २४ मिमीचा. स्राम या दुसऱ्या कंपनीचा जीएक्सपी एक्सल पण २४ म्हणून विकतात, पण तो चेनच्या बाजूला २४ आणि डाव्या बाजूला २२ होतो, म्हणून त्या दोघांचे बीबी एकमेकांत चालत नाहीत. स्रामचा डब नावाचा एक्सल २८.९९ मिमी, आणि ३० मिमीचे क्रँक वेगळेच, डब आणि ३० मध्ये फरक एवढासा वाटतो पण बेअरिंगला तो एवढासा नसतो.

सेकंडहँड क्रँक स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की बारीक एक्सल मोठ्या शेलात बऱ्याचदा अडाप्टरनं बसवता येतो, जाड एक्सल लहान शेलात बसवणं मात्र डोकेदुखी. ३० मिमीच्या एक्सलमध्ये पण लांबीचा प्रश्न असतो, बीबी३० साठीचा आखूड एक्सल बीएसएच्या फ्रेमला पुरतच नाही, कारण बीएसएमध्ये बेअरिंग शेलच्या बाहेर बसतात. हॉलोटेक टू चा तोच क्रँक ६८ च्या बीएसएत आणि ८६.५ च्या बीबी८६ मध्ये दोन्हीकडं बसतो तेही याचमुळं, बाहेरच्या कपांसकट बीएसएची रुंदी जवळपास तिथंच जाते.

उलटे आटे आणि आपलं खारं पाणी

हे मला स्वतःला भोगावं लागलंय म्हणून जास्त लिहितो. आमचं गाव दर्यापूरकडं, खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी इतकं खारट की बादलीला पांढरा थर धरते. मी दोन वर्षं त्याच पाण्यानं सायकल धुतली, जुनी स्टीलची फ्रेम, आत स्क्वेअर टेपर कार्ट्रिज (चौकोनी निमुळत्या एक्सलचा बंद बीबी). क्रँक पुलरनं क्रँक तर निघाले (आतला बोल्ट आणि वायसर दोन्ही आधी काढा हो, नाहीतर पुलर क्रँकचे आटे घेऊनच बाहेर येतो), पण बीबी हलेना. मिस्त्री म्हणे, "भाऊ, पाइप लावतो, कसा निंगत नाही पाह्यतो." पाइप लावला, दोघं लोंबकळलो, आणि टूल सटकलं, कपाच्या वीसपैकी चार-पाच दात्या गोल झाल्या. दोघंही चेनच्या बाजूनं डावीकडं फिरवत होतो, म्हणजे अजून घट्ट करत होतो.

बीएसएमध्ये चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, काढायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचं, आणि डाव्या बाजूचे नेहमीसारखे. इटालियनमध्ये दोन्ही बाजू सरळ. आता मी कपाला बाणाची खूणच करून ठेवतो. शेवटी निघाला तो असा: पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर सायकल आडवी ठेवली, सकाळी दुसऱ्या बाजूनं पण सोडलं, मग टूलच्या मध्यातून क्रँकचाच बोल्ट जाड वायसरसह एक्सलमध्ये कसला म्हणजे टूल बाहेर सरकूच शकत नाही, आणि मग पाना लावून हळू दाब. एक बारीक "टक" आवाज आला आणि आट्यांतून तांबडी गंजाची पूड गळाली. बोल्ट तेवढा पहिल्या फेऱ्यानंतर थोडा सैल करायचा, नाहीतर कप बाहेर यायला जागा राहत नाही.

तेव्हापासून धुणं पावसाच्या नाहीतर नळयोजनेच्या गोड्या पाण्यानं, आणि नवीन बीबी बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस. काळ्या मातीचा चिखल वाळला की आधी कोरड्या ब्रशनं झाडा, प्रेशरचं पाणी बेअरिंगवर मारू नका.

बसवताना होणाऱ्या चुका

डब्यात २.५ मिमीचे स्पेसर (जागा भरायच्या चकत्या) निघाले की ते घालायलाच पाहिजे असं वाटतं, पण ते एमटीबी म्हणजे माउंटन बाइकसाठी असतात, रोडच्या हॉलोटेक टू ला ६८ मिमीच्या बीएसए शेलवर एकही स्पेसर लागत नाही. कप हातानं तीन-चार फेरे सहज गेला पाहिजे, नाही गेला तर आट्यांत पेंट किंवा गंज आहे, साफ करा, पाना लावून रेटू नका, फ्रेमचे आटे गेले तर फ्रेम गेली. कपाचा टॉर्क (कसायचा जोर) ३५ ते ५० न्यूटन मीटर. डाव्या क्रँकची प्लास्टिकची टोपी मात्र फक्त ०.७ ते १.५, म्हणजे दोन बोटांचं काम, ती आधी, मग दोन्ही बोल्ट आलटून पालटून १२ ते १४. बोल्ट आधी कसले की क्रँकमध्ये खेळ राहतो आणि लोक बीबीला दोष देतात. टोपी जास्त कसली तर बेअरिंग जड फिरतं आणि लवकर संपतं.

प्रेसफिट कप हातोडीनं ठोकू नका, कार्बन फ्रेम असेल तर अजिबातच नाही. हार्डवेअरमधून थ्रेडेड रॉड, दोन नट आणि मोठे जाड वायसर घ्या, सरळ दाबत आणा.

स्क्वेअर टेपरवाल्यांनी एक्सलची लांबी क्रँकप्रमाणे घ्यावी, ११३ मिमीच्या जागी ११८ टाकला की चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून पुढच्या दातेरी चाकांचं अंतर) बाहेर सरकते आणि पुढचं डिरेल्युअर कितीही सेट करा, चेन घासतच राहते. नव्यातही हे आहे, ११ स्पीडच्या वन-ओ-फाइव्ह क्रँकची चेनलाइन ४३.५ मिमी आणि १२ स्पीडची ४४.५, म्हणून जुनं पुढचं डिरेल्युअर आणि नवा क्रँक अशी मिसळ करण्याआधी विचार करा. आणि जुना क्रँक चांगला असेल तर तो तसाच ठेवायलाही हरकत नाही, मी दोघांना तेच करायला लावलं आणि त्यांचे पैसे मागच्या चाकात गेले, कारण ८-९-१० स्पीडच्या फ्रीहबवर (मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग) रोडची ११ स्पीड कॅसेट बहुतेक बसतच नाही, तिला १.८५ मिमी लांब बॉडी लागते.

कटकट आवाज येतो तेव्हा

सगळं बसवून पहिल्याच चढाला कट-कट सुरू झालं तर लगेच बीबी उघडू नका. उभं राहून पायडल मारताना आवाज बंद झाला तर सीटपोस्ट बघा, तसाच राहिला तर पायडलचे आटे, चेनरिंगचे (क्रँकवरच्या दातेरी चाकाचे) बोल्ट, मागची स्क्यूअर (चाक आवळणारी दांडी), या क्रमानं काढून ग्रीस लावून परत बसवा. मग चेन चेनरिंगवरून खाली पाडा, क्रँक फिरवा आणि दुसरा हात सीट ट्यूबवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर हाताला खरखर लागते, आणि क्रँक आडवा हलवला की खेळ लागतो. यातलं काही नसेल तर कप काढून आटे पुसून ग्रीस लावून टॉर्कला कसा, माझ्या अनुभवात बऱ्याचदा तिथंच आवाज थांबतो.