‘होमली’ लिहिताना या चुका टाळा

लग्नाचे बायोडेटा इंग्रजीत करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतेय. मुलीच्या बायोडेटात एक शब्द हमखास भेटतो, ‘होमली’. आईवडिलांना म्हणायचं असतं की मुलगी साधी आहे, घर आणि माणसं धरून राहणारी आहे. आपल्याकडे तो अर्थ सगळ्यांना कळतो. ब्रिटनमध्ये साधं, उबदार घर ‘होमली’ असतं आणि बाईबद्दल म्हटलं तर ती मायाळू, अगत्याची. अमेरिकेत मात्र माणसाला ‘होमली’ म्हटलं की अर्थ होतो दिसायला डावी.

ओळखीच्या एका काकूंची मुलगी सिव्हिल इंजिनिअर. मी गावाला गेले होते. दोन दिवस थांबा म्हटलं, पण काकूंना धीर नव्हता. भाच्याने मोबाइलवर ‘घरगुती’ टाकलं, जो शब्द पहिला आला तो उचलला आणि बायोडेटा न्यू जर्सीच्या स्थळाला गेला. मुलाची बहीण तिकडेच वाढलेली. तिने फोनवर विचारलं, “काकू, स्वतःच्या मुलीबद्दल असं का लिहिलंत?” काकूंना काही उमगेना. मुलीने अर्थ शोधला आणि त्या रात्री ती जेवली नाही. मी परतले तेव्हा काकू कागद घेऊन दारात उभ्या. तो एकच शब्द ठळक अक्षरांत होता, शिवाय त्याच्याखाली रेघ ओढलेली. पहिला सापडलेला शब्द चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. घाई एकाची आणि भोगायचं दुसऱ्याने.

शब्दाचा प्रवास तसा सरळ आहे. घरातला म्हणजे साधा, साधा म्हणजे रूपानेही साधा, आणि पुढे कुरूप. हा शेवटचा अर्थ इंग्रजीत १४०० च्या सुमारासच आला होता. अमेरिकेत माणसांच्या बाबतीत तोच टिकला.

मी आता असं विशेषण लिहीतच नाही. मुलगी रविवारी काय करते ते विचारते. काकूंच्या मुलीचं लिहिलं, “आजीला देवळात नेते, पुरणपोळी स्वतः लाटते, साइटवर मजुरांची हजेरी घेते.” साधेपणा त्यातच दिसतो.

दुसरी चूक खाणावळींच्या पाट्यांवर. ‘घरगुती जेवण’ म्हणून ‘होमली फूड’. अमेरिकन पाहुण्याला वाटतं, जेवण दिसायला यथातथाच असणार. ‘होम-कुक्ड’ लिहा. मुळात आपला ‘घरगुती’ फार कामं करतो आणि इंग्रजीत त्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. घरगुती मसाला ‘होममेड’, घरगुती गॅस ‘डोमेस्टिक’, घरगुती उपाय ‘होम रेमेडी’, घरगुती समारंभ ‘फॅमिली फंक्शन’. म्हणून मी आधी मराठीत स्वतःला विचारते, घरात केलेलं, घरासाठीचं, की घरच्यांपुरतं? उत्तर मिळालं की शब्द आपोआप सुचतो.

शब्दाच्या शेवटी ‘ली’ आहे म्हणून क्रियाविशेषण समजून ‘ती होमली वागते’ असं लिहू नका. ‘फ्रेंड्ली’सारखंच हेही विशेषण आहे.

‘इथे मला होमली वाटतं’ नाही, ‘ॲट होम’ वाटतं.

अमेरिकेतल्या उबदार घराला ‘होमी’ म्हणा.

आणि घरात रमणारा माणूस हवा असेल तर ‘होमबॉडी’ आहे. तो ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे चालतो.