ग्रंथपालांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण आयोजित करताय? या चुका टाळा

ऑनलाइन कार्यशाळेबद्दल दिव्यांग सहभागींच्या तक्रारी कार्यक्रमाच्या दिवशी येतात. 'कॅप्शन (बोलण्याचा पडद्यावर उमटणारा मजकूर) दिसत नाहीत', 'स्लाइडवर काय आहे ते कळत नाही', 'हात वर कसा करायचा ते सापडत नाही'. त्यांची मुळं मात्र तीन-चार आठवडे आधी तयार झालेल्या गोष्टींत असतात: नोंदणीच्या फॉर्ममध्ये, वक्त्यांना गेलेल्या पत्रात, वेळापत्रकात. त्या दिवशी आयोजकाच्या हाती उरते ती डागडुजी.

आपल्या व्यवसायात याला आणखी एक कारण आहे. दिव्यांग म्हटलं की ग्रंथपालाच्या डोळ्यांपुढे वाचक येतो. त्याच्यासाठी ब्रेल पुस्तकं, बोलकी पुस्तकं, रॅम्प यांचा विचार होतो. पण शेजारच्या टेबलावर तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी) करणाऱ्या सहकारी अल्पदृष्टी असू शकतात, संदर्भ विभागातल्या सहकाऱ्यांना एका कानाने कमी ऐकू येत असेल, हे प्रशिक्षण आखताना कुणाच्या ध्यानातच येत नाही. त्यामुळे दिव्यांग वाचकांच्या सेवांवरचा वेबिनारसुद्धा कॅप्शनशिवाय पार पडतो आणि कुणाला काही खटकत नाही. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

'काही विशेष गरज असल्यास कळवा'

फॉर्मच्या तळाशी असलेली ही ओळ काढून टाका. काय मिळू शकतं हेच माहीत नसेल, तर माणूस मागणार काय? शिवाय 'विशेष' हा शब्द वाचला की अनेक जण रकाना रिकामा सोडतात. त्याऐवजी सरळ पर्याय द्या: सांकेतिक भाषेचा दुभाषी, स्लाइड आधी मिळणं, मोठ्या अक्षरांतल्या टिपा, फोन कॉलवरून जोडण्याची सोय, आणि शेवटी मोकळी जागा. कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं आणि उत्तर कोण देणार, हे त्याच ठिकाणी लिहा. अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी, दाखला यांतलं काहीही विचारू नका. आपल्याला सोय करायची आहे, पात्रता तपासायची नाही.

कॅप्शन या यादीत नकोत. ते मागितल्यावर देण्याची गोष्ट नाही, मुळातच चालू असायला हवेत. देवाणघेवाणीच्या काउंटरवर बसून, हेडफोनशिवाय, अर्धं लक्ष वाचकांकडे ठेवून कार्यक्रम पाहणारे ग्रंथपाल थोडेथोडके नसतात. त्यांचाही आधार कॅप्शनच असतो.

दुभाष्यांच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे एकालाच बोलावणं. सलग दुभाषण हे मेंदूला थकवणारं काम आहे. तासाभराच्या किंवा त्याहून लांब कार्यक्रमाला साधारणपणे दोघं असतात आणि वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. त्यांना स्लाइड आणि पारिभाषिक शब्द आधी हवे असतात. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी लिहिला नाही, तर 'या वेळी जमत नाही' हे उत्तर ठरलेलं असतं.

जाहिरातीचं पोस्टर हा वेगळाच विषय. विषय, वेळ आणि लिंक सगळं एका रंगीत चित्रात कोंबून ते चित्र तेवढं फिरवलं जातं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला त्यातून 'चित्र' इतकंच ऐकू येतं. तोच मजकूर चित्राखाली टाइप करून द्यायला दोन मिनिटं लागतात. नोंदणीत कॅप्चा (आपण माणूसच आहोत हे सिद्ध करायला लावणारं कोडं) असेल तर तो काढा. वेगवेगळ्या देशांतून लोक येणार असतील, तर वेळेसोबत टाइम झोन लिहा.

फॉर्म आपल्याला चालतो म्हणजे सगळ्यांना चालतो असं नाही. माउस बाजूला ठेवा आणि टॅब, एंटर, बाण एवढ्याच बटणांवर नोंदणी पूर्ण होते का ते पाहा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. तो चालू करून, डोळे मिटून एकदा हाच प्रयोग करा. कुठे घोडं अडतं ते लगेच कळेल.

वक्त्यांना पत्र पाठवताना

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. वक्त्यांना तारीख, वेळ आणि लिंक जाते. बोलायचं कसं, हे कुणी कळवत नाही. मग तालिकीकरणाच्या सत्रात असं ऐकू येतं: 'आता इथे बघा, या टॅगमध्ये हे घालायचं, मग इकडे क्लिक करायचं.' डोळ्यांनी पाहणाऱ्यालाही यातलं निम्मं निसटतं. अंध सहभागीच्या पदरी तर काहीच पडत नाही. हेच वाक्य, मार्क या संगणकीय तालिका-नोंदींच्या नमुन्याच्या भाषेत, 'टॅग २४५ च्या उपक्षेत्र ए मध्ये शीर्षक लिहायचं, कर्त्याचा उल्लेख उपक्षेत्र सी मध्ये, आणि मग नोंद जतन करायची' असं बोललं, तर ते सगळ्यांनाच कळतं. कॅप्शन नंतर वाचणाऱ्यालाही उपयोगी पडतं. पत्रात एकच नियम लिहायचा असेल तर तो हा: 'इथे', 'तिथे', 'हे', 'ते' यांच्या जागी त्या गोष्टीचं नाव घ्या.

यामागचं तांत्रिक कारण आयोजकांनाही बहुतेकदा माहीत नसतं. आपण स्क्रीन शेअर करतो तेव्हा समोरच्याकडे फक्त व्हिडिओ पोचतो. स्लाइडवरचा मजकूर मजकूर राहत नाही, त्याचं चित्र होतं, आणि स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. म्हणजे वक्त्यांनी स्लाइड कितीही नीट बनवल्या, तरी फाइल आधी हातात दिली नसेल तर ती मेहनत वाया जाते. निदान एक दिवस आधी फाइल पाठवा. 'स्लाइड कार्यक्रमानंतर मिळतील' हे वाक्य वक्त्यांना सोयीचं आहे, शिकणाऱ्यांना नाही. उत्तरं आधी फुटतील अशी भीती असेल, तर सरावाची उत्तरं तेवढी वगळून बाकीचं द्या. ओपॅकचे (वाचकांसाठीच्या ऑनलाइन तालिकेचे) किंवा मार्क नोंदींचे स्क्रीनशॉट असतील, तर तीच नोंद साध्या मजकुराच्या फाइलमध्येही जोडा. सरावासाठी ती सगळ्यांना लागतेच.

फाइलबद्दल आणखी काही. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्या पार्श्वभूमीवर छान दिसतात, वाचता मात्र येत नाहीत. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ इतका कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधाराचा फरक) लागतो. तो मोजणारी साधनं मोफत मिळतात. 'लाल रंगातल्या नोंदी चुकीच्या आहेत' असं फक्त रंगावर सोडू नका, शेजारी 'चूक' असा शब्द लिहा. प्रत्येक स्लाइडला वेगळं शीर्षक द्या. पॉवरपॉइंटमधला सुलभता तपासनीस उरलेल्या बऱ्याच चुका दाखवतो, पण चित्राचं वर्णन अर्थपूर्ण आहे की नाही ते त्याला कळत नाही. तिथे माणूसच लागतो.

वर्डची फाइल पीडीएफ करताना 'प्रिंट' वापरलंत तर शीर्षकांची रचना नाहीशी होते, 'सेव्ह अ‍ॅज' किंवा 'एक्स्पोर्ट' केलंत तर ती टिकते. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर स्क्रीन रीडरला अगम्य अक्षरांची माळ म्हणून ऐकू येतो. आणि स्कॅन केलेलं पान म्हणजे ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) केल्याशिवाय नुसता फोटो. डिजिटायझेशनवर व्याख्यानं देणारी आपली मंडळी स्वतःचं निमंत्रणपत्र स्कॅन करून पाठवतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

कॅप्शन चालू केले, म्हणजे झालं?

स्वयंचलित कॅप्शनची पहिली अडचण भाषेची. बोलण्याची भाषा सेटिंगमध्ये इंग्रजी राहिली आणि वक्ते दुसऱ्याच भाषेत बोलले, तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी शब्द धावू लागतात. आपण वापरतो त्या सेवेत आपली भाषा मिळते का, हे तारीख जाहीर करण्याआधीच पाहा. मिळत नसेल तर कॅप्शन टाइप करणारी व्यक्ती नेमावी लागेल, आणि त्यासाठी पैसे व वेळ दोन्ही हवेत.

दुसरी अडचण आपल्या शब्दांची. मार्क, ओपॅक, कोहा (ग्रंथालय चालवण्याचं सॉफ्टवेअर), डब्लिन कोअर (नोंदींचं एक मानक), लेखकांची नावं यांचं यंत्र काय करील याचा नेम नसतो. माणूस टाइप करणार असेल तर अशा शब्दांची एक पानाची यादी त्याला आदल्या दिवशी द्या. यंत्र असेल तर वक्त्यांना नवा शब्द आला की स्लाइडवर दाखवायला आणि एकदा सावकाश म्हणायला सांगा. हेडसेट वापरला, एका वेळी एकच जण बोलला आणि प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपलं नाव सांगितलं, तर कॅप्शन लक्षणीय सुधारतात. ओठांच्या हालचालीवरून समजून घेणारेही असतात, त्यामुळे खिडकी वक्त्यांच्या पाठीमागे नको, समोर हवी.

चॅटचा गोंगाट

ही चूक डोळसांना दिसतच नाही. कार्यक्रम सुरू झाला की 'सर्वांना नमस्कार, मी अमुक ग्रंथालयातून' असे संदेश चॅटमध्ये कोसळू लागतात. स्क्रीन रीडर त्यातला प्रत्येक संदेश मोठ्याने वाचतो, तोही वक्त्यांच्या आवाजावर आवाज चढवून. इमोजीही सुटत नाहीत, टाळ्यांच्या पाच चित्रांची पाच नावं ऐकावी लागतात. परिचय हवाच असेल तर तो नोंदणीत घ्या. चॅट प्रश्नांपुरता ठेवा, आणि एका माणसाला ते प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायचं काम द्या. झूमच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या भागात चॅटच्या सूचना स्क्रीन रीडरपुरत्या बंद करता येतात, हे सहभागींना आधीच्या ईमेलमध्ये कळवा. त्याच ईमेलमध्ये शॉर्टकटही द्या: विंडोजवरच्या झूममध्ये हात वर करायला ऑल्ट आणि वाय, म्यूट काढायला-घालायला ऑल्ट आणि ए. फोनवरून डायल केलेल्यांसाठी तारा (*) ९ म्हणजे हात वर, तारा (*) ६ म्हणजे म्यूट.

पोल घेतलात तर प्रश्न, पर्याय आणि निकाल तिन्ही वाचून दाखवा. तीस सेकंदांची मुदत घालण्यात काही मजा नाही. रंगीत चिठ्ठ्या इकडून तिकडे ओढायचे आभासी फलक मी शक्यतो वापरत नाही. कीबोर्डवर काम करणाऱ्यांना ते बहुधा त्रासदायक ठरतात आणि साध्या सामायिक दस्तऐवजात तेच काम होतं.

छोट्या गटांसाठी ब्रेकआउट रूम करताना दुभाषी आणि कॅप्शन लिहिणारी व्यक्ती आपोआप योग्य गटात जात नाहीत. ज्यांना त्यांची गरज आहे त्यांच्यासोबत आधीच नेमा. गट बदलण्याआधी तोंडी सूचना द्या. आणि तासाभराने दहा मिनिटं सुट्टी ठेवा, ती चर्चेत खाऊ नका.

प्रमाणपत्रापाशी अडणारे

अनेक ग्रंथपालांसाठी प्रमाणपत्र शोभेचं नसतं, सेवानोंदीत लागतं. तरीही सगळा कार्यक्रम नीट पार पाडून शेवटचं दार असं बांधलं जातं की काहींना ते उघडतच नाही. पडद्यावर पाच मिनिटं झळकणारा क्यूआर कोड, त्यामागे वेळेचं बंधन असलेली चाचणी, तिच्यात चित्र पाहून उत्तर द्यायचा प्रश्न, आणि कॅमेरा बंद असला तर हजेरी नाही. क्यूआर कोडसोबत लिंक चॅटमध्ये टाका आणि ईमेलनेही पाठवा. चाचणी काही दिवस उघडी राहू द्या. कॅमेऱ्याची सक्ती नको. काहींना प्रकाशाचा, थकव्याचा किंवा चिंतेचा त्रास असतो, काहींचं इंटरनेट धिमं असतं, आणि कारण विचारणं हे आयोजकाचं काम नाही.

ऐनवेळी अडलं तर

कॅप्शन बंद पडले: वक्त्यांना थांबवा. कुणीतरी मुख्य मुद्दे चॅटमध्ये टाइप करेल असं जाहीर करा आणि दुसरा माणूस सेटिंग पाहील. 'चालू द्या, नंतर बघू' हे चालणार नाही, कारण कॅप्शनवर अवलंबून असलेल्यांचा कार्यक्रम तिथेच संपलेला असतो.

दुभाषी दिसत नाहीत: 'पिन' केल्याने फक्त आपल्या पडद्यावर बदल होतो, सगळ्यांना दिसण्यासाठी 'स्पॉटलाइट' लागतं. आयोजकांच्या पडद्यावर ठीक दिसतं म्हणून इतरांनाही दिसत असेल असं धरू नका. दुसऱ्या खात्याने, साध्या सहभागीसारखं जोडून एक फोन शेजारी ठेवा.

वक्त्यांनी नवीच स्लाइड घुसवली: सूत्रसंचालकाने मध्ये बोलून 'ती स्लाइड जरा वाचून दाखवाल का?' असं विचारावं. यात उद्धटपणा काही नाही, आणि सराव सत्रात हे आधी सांगून ठेवलं तर वक्तेही बिचकत नाहीत.

एखाद्याचा आवाज तुटतोय: त्यांना व्हिडिओ बंद करायला सांगा, तरी नाही जमलं तर फोनवरून डायल करायला. बोलणं अवघड जाणाऱ्यांचा किंवा बोलू न इच्छिणाऱ्यांचा प्रश्न चॅटमधून आला तर तो तोंडी प्रश्नांच्या रांगेतच घ्या, शेवटी उरलेल्या दोन मिनिटांत नव्हे.

रेकॉर्डिंग टाकायची घाई झाली: कॅप्शन दुरुस्त करून एसआरटी किंवा व्हीटीटी (कॅप्शनची फाइल) जोडल्याशिवाय टाकू नका. चॅटची नक्कल जशीच्या तशी प्रसिद्ध करू नका, त्यात लोकांचे ईमेल आणि खासगी बोलणं असतं. झूमवरून उतरवलेल्या फाइलचं 'जीएमटी'ने सुरू होणारं, तारीख-आकड्यांचं लांबलचक नाव तसंच ठेवून ती वेबसाइटवर चढवणारे आयोजक आहेत, आणि ते दिवसभर इतरांच्या पुस्तकांची तालिका करत असतात. शीर्षक, वक्ते, विषय, कालावधी आणि संपूर्ण मजकुराची प्रत एकत्र द्या. तासाभराच्या रेकॉर्डिंगमधली आपल्या कामाची चार मिनिटं शोधणारा त्या मजकुरातूनच शोधणार आहे.