जिप्सीचा गिअरबॉक्स घरच्या पार्किंगमध्ये उतरवायचाय? उंची कमी असली तरी जमतं

लिफ्ट नाही, पिट नाही, एका बाजूला बिल्डिंगचा खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची स्कूटर, आणि क्लच प्लेट गेलीय, ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. जिप्सीवाल्यांसाठी लिहितोय, म्हणजे १९८५ पासूनची जुनी चार गिअरवाली असो की १९९६ नंतरची पाच गिअरवाली किंग, पद्धत जवळपास तीच.

या गाडीत एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, ती मागे वेगळी लटकते आणि मधे एक छोटा शाफ्ट आहे. त्यामुळे ट्रान्सफर केसला हात लावायची गरज नाही, स्पीडोमीटरची केबलपण तिच्यातच जाते म्हणून तीही तशीच राहू दे. तो छोटा शाफ्ट काढला की गिअरबॉक्स मागे सरकायला जागा मिळते, आणि खरी लढाई त्या मागच्या जागेचीच असते. लोक आधी उंचीचं टेन्शन घेतात, पण इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून पुढे क्लचमध्ये घुसलेला दांडा) क्लचमधून पूर्ण बाहेर आल्याशिवाय गिअरबॉक्स खाली येतच नाही, मग कितीही वर गाडी उचला.

गाडी सपाट कोब्यावर घ्या, पेव्हर ब्लॉक खचलेले असतील तर नको. चारही बाजूंनी जॅक स्टँड, चेसिसखाली. विटा नाहीत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर अजिबात नाहीत, ते न सांगता फुटतात. स्टँडवर ठेवल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, हलली तर खाली जायचं नाही, विषय संपला. काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा, स्टँड घसरलाच तर तेवढी जागा जीव वाचवते.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. मग गिअर ऑइल, पण ड्रेन प्लगच्या आधी वरचा फिलर प्लग सुटतोय का ते बघा, कारण तेल काढून टाकलं आणि भरायचा प्लगच जाम निघाला तर गाडी तिथेच अडकली. तेल आधीच काढायचं कारण म्हणजे छोटा शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला की मागून धार लागते, आणि पार्किंगमध्ये गिअर ऑइलचा वास महिनाभर जात नाही, कमिटीवाले विचारतातच.

आता शाफ्ट. फ्लँजवर दोन्ही बाजूंना मिळून रंगाची एक खूण करा, परत लावताना तशीच जुळवायची. गिअर लिव्हर लगेच काढू नका, कारण शाफ्टचे नट सोडताना गाडी गिअरमध्ये असली की शाफ्ट फिरत नाही, आणि पुढचा नट समोर आणायचा असेल तेव्हा न्यूट्रल करून फिरवायचा. चारही नट सुटले की मग वर केबिनमध्ये जाऊन रबर बूट काढा, लिव्हरच्या बुडाशी असलेली टोपी खाली दाबून घड्याळाच्या उलट फिरवली की लिव्हर हातात येतो. भोकात स्वच्छ फडकं कोंबा, आत एखादा वायसर पडला तर रडायची पाळी येईल.

क्लच केबल, रिव्हर्स लाइटची वायर, स्टार्टर, आडवा येणारा सायलेन्सरचा पाइप, बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं इंजिनला बसणारं घंटेसारखं तोंड) खालचा पत्रा, हे सगळं सरळ काम आहे. सायलेन्सरचे नट गंजलेले असणारच, आदल्या रात्री तेल मारून ठेवा.

खरी कटकट बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टांची. फायरवॉल (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) आणि बेलच्या मधे हात जात नाही, वरून बॉनेटमधून बघितलं तर बोल्ट दिसतो पण पाना बसत नाही. इथे उपाय एकच, इंजिनचं मागचं टोक खाली झुकवायचं. चेंबरखाली (इंजिनच्या बुडाची ऑइलची टाकी) रुंद फळी ठेवून बॉटल जॅकचा आधार द्या (जॅक थेट चेंबरला नको, पत्रा आत जातो), गिअरबॉक्सखाली ट्रॉली जॅक, मग मागचं माउंटिंग आणि क्रॉस मेंबर काढा आणि दोन्ही जॅक सावकाश खाली घ्या. इंजिन पुढच्या दोन फाउंडेशनवर झुलतं. एकजण वर उभा राहून दोन ठिकाणी लक्ष ठेवू दे, पुढे फॅन शेरूडला (फॅनभोवतीचं कव्हर) घासतोय का, आणि मागे जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची कॅप फायरवॉलला टेकतेय का, कारण तो हेडच्या मागच्या टोकालाच बसवलेला आहे. शेरूडचे स्क्रू आधीच काढून तो मागे सरकवलेला बरा. एवढं झुकलं की मागून, गिअरबॉक्सच्या वरून लांब एक्स्टेन्शन टाकायचं, टोकाला युनिव्हर्सल जॉइंट आणि गोटी (सॉकेट), आणि बोल्ट आरामात सुटतो. जॉइंटवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारा म्हणजे तो लटकून मान टाकत नाही.

सगळे बोल्ट काढू नका हां. दोन लांब बोल्ट त्याच आट्याचे आणा, डोकी कापा, टोकाला स्क्रूड्रायव्हरची खाच पाडा आणि समोरासमोरच्या भोकात लावा. गिअरबॉक्स या दोन सळयांवर सरळ मागे सरकतो आणि वजन इनपुट शाफ्टवर येत नाही. वजन शाफ्टवर लटकलं तर नवीन प्लेटचा हबसुद्धा वाकतो. चिकटून बसला तर पहारीने एकदा डावीकडून एकदा उजवीकडून थोडं थोडं, हातोडा नको, बेल ॲल्युमिनियमची आहे, कान तुटतो.

उतरवताना गॅरेजमधली पोरं छातीवर घेतात, तुम्ही ते करू नका, तीसेक किलोचं धूड आहे. त्यापेक्षा लिव्हरच्या भोकाचा उपयोग करा. केबिनमध्ये दोन्ही दारांच्या उंबऱ्यांवर आडवा जाड लोखंडी पाइप ठेवा, खाली जुनी चादर म्हणजे रंग जाणार नाही, भोकातून मजबूत पट्टा खाली सोडून गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला बांधा आणि वर पाइपला तीन वेढे घ्या. मागचं टोक वरून पट्ट्यावर, बेल खालून ट्रॉली जॅकवर. वरचा माणूस वेढा ढिला करतो, खालचा जॅक सोडतो, दोघं बोलत बोलत.

आता उंचीचा प्रश्न येतो. साध्या २ टनी ट्रॉली जॅकची पूर्ण खाली असतानाची उंची १३ सेंटीमीटरच्या आसपास असते आणि ती फुकट जाते. त्यामुळे जॅकसकट ओढायचा नादच सोडा. बेलखाली लाकडी ठोकळे सरकवा, जॅक काढून घ्या, मग एकेक ठोकळा काढत गिअरबॉक्स जुन्या प्लायवर टेकवा. प्लायच्या खालच्या बाजूला थोडा साबण चोळला की घसरगुंडी. तरी चेसिसखालून जात नसेल तर गिअरबॉक्स कुशीवर लोळवून बघा, तेही नाही जमलं तर मोकळा झालेला जॅक त्या बाजूच्या चेसिसला लावून स्टँड एक खाच वर घ्या. गाडी वर जाते, गिअरबॉक्स जमिनीवरच. त्या वेळी खाली कोणी नको, हातसुद्धा नको.

बाहेर काढलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील बदलून टाका, या तिघांसाठी परत एवढा उपद्व्याप कोण करणार. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. नवी प्लेट मधोमध बसवायला अलाइनमेंट टूल स्वस्तात मिळतं, ते घ्याच, कारण प्लेट जराशी बाजूला बसली तरी गिअरबॉक्स शेवटचा बोटभर आत जात नाही आणि मग लोक बोल्ट आवळून ओढायला जातात, तिथेच बेल फुटते. हाताने ढकलून पूर्ण टेकला पाहिजे, बोल्ट नंतर.