लाइट नॉव्हेलवरचा फँटसी अ‍ॅनिमे कसा तपासावा: काय जमलं, काय फसलं आणि कुणामुळे

'गोष्ट भराभर पळते' किंवा 'नायक सपाट वाटतो' एवढं कुणालाही जाणवतं. परीक्षणाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं: हा दोष मूळ लाइट नॉव्हेलचा, म्हणजे तरुण वाचकांसाठीच्या सचित्र जपानी कादंबरीचा, पटकथेचा की निर्मितीतल्या घाईचा? तिन्हींची लक्षणं वेगळी असतात आणि थोडी मेहनत घेतली तर ती ओळखता येतात.

त्यासाठी एक कूर, म्हणजे तीन महिन्यांत दाखवले जाणारे १२-१३ भाग, आणि त्यांत आलेले कादंबरीचे खंड हाताशी ठेवा. कादंबरी छापील आवृत्तीतलीच घ्या. यातल्या बऱ्याच कथा आधी वेबवर क्रमशः येतात आणि खंड निघताना लेखक प्रसंग बदलतो, पात्रं वाढवतो. वेबवरच्या मजकुराशी ताडून 'अ‍ॅनिमेने हे गाळलं' असं लिहिलं, तर लेखकाने स्वतः केलेला बदल पटकथाकाराच्या माथी मारला जातो.

आधी पानांचा हिशेब करा. एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी दीड मिनिट, वर पुढच्या भागाची झलक. गोष्टीला उरतात २० ते २१ मिनिटं. १२ भागांचे मिळून चार तासांच्या आसपास. खंड ३०० पानांचा धरला आणि तीन खंड घ्यायचे असले, तर एका भागात ७५ पानं बसवावी लागतात, मिनिटाला जवळपास चार. 'ओव्हरलॉर्ड'च्या २०१५च्या पहिल्या सीझनने १३ भागांत तीन खंड घेतले. 'स्पाइस अँड वुल्फ'च्या २००८च्या सीझनने, डीव्हीडीवरचा एक भाग धरून, तेवढ्याच भागांत दोनच घेतले. तिथे नाण्यातल्या चांदीच्या प्रमाणावरून चाललेला व्यवहार संवादांतून समजवायचा होता, त्याला ती सवड हवीच होती. लढाईचं वर्णन पडद्यावर काही सेकंदांत सरतं, घासाघीस मात्र बोलूनच दाखवावी लागते. म्हणून नुसत्या सरासरीवर निकाल देऊ नका. प्रत्येक भाग कुठल्या पानावर सुरू होतो आणि कुठे संपतो ते लिहून काढा. ५०, ६०, ५५ आणि अचानक ११० असा आकडा आला, की तोच भाग पुन्हा पाहा. कात्री बहुधा तिथेच लागलेली असते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र नायकाच्या मनातल्या बोलण्याला द्या, कारण लाइट नॉव्हेलचा जीव त्यातच असतो. पुष्कळ कादंबऱ्या प्रथमपुरुषी आहेत. नायकाची भीती, हिशेब, टोमणे, स्वतःशी केलेली खोटी समजूत हे सगळं वाचकाला आतून कळतं. पडद्यावर तेच आणायचे मार्ग मोजके आहेत. आवाज तसाच वरून ऐकवायचा, तो संवादात फिरवायचा, चेहरा, हालचाल आणि शांततेतून दाखवायचा, किंवा ज्याच्याशी बोलता येईल असं पात्र सोबत द्यायचं. 'द ट्वेल्व्ह किंगडम्स'च्या २००२च्या अ‍ॅनिमेने शेवटचा मार्ग धरला. कादंबरीत योको परक्या जगात एकटी भटकते. अ‍ॅनिमेने तिच्या दोन वर्गसोबत्यांना त्या जगात धाडलं. तिची घुसमट भांडणांतून बाहेर आली, पण एकटेपणाची धार कमी झाली. लाभ आणि किंमत अशी एकत्र मांडली, तरच निर्णयाचं मोल कळतं.

कसोटी सोपी आहे. नायक पहिल्यांदा नव्या जगात येतो तो प्रसंग, पहिली हार आणि एखादं शांत संभाषण, असे तीन प्रसंग निवडा. प्रत्येकी दोन मिनिटं आवाज बंद करून पाहा. नायकाला काय वाटतंय हे चित्रावरून ओळखता आलं, तर दिग्दर्शकाने काम केलं आहे. आता आवाज सुरू करा: मनातलं बोलणं चित्रात दिसणारंच पुन्हा सांगत असेल, तर पटकथेने मजकूर उतरवून काढला आहे. मनोगत गाळल्यामुळे हुशार नायक नुसता नशीबवान वाटू लागतो, हा या प्रकारात वारंवार आढळणारा दोष आहे. त्याने डावपेच आखलेलं पान कादंबरीत सापडलं, तर दोष पटकथेचा. तिथेही सापडलं नाही, तर लेखकाचा.

जादूचे नियमही याच पद्धतीने तपासा. मोठ्या लढाईआधीचा भाग संपला की थांबा आणि तोवर कळलेले नियम लिहा: शक्ती कुठून येते, किती वेळ टिकते, तिची किंमत काय. विजय या यादीबाहेरच्या गोष्टीने मिळाला, तर तिची पूर्वसूचना कादंबरीत होती का ते शोधा. व्हिडिओ गेमसारख्या, पात्राचे गुण आणि पातळी दाखवणाऱ्या खिडक्या पडद्यावर आल्या म्हणून लगेच नाक मुरडू नका. त्या आकड्यांमुळे पात्राचा निर्णय बदलतो का, एवढंच बघा.

निर्मितीबद्दल मत पहिल्या भागावरून देऊ नये. त्यासाठी बहुतेकदा जास्त वेळ राखलेला असतो, म्हणून पाचवा ते आठवा भाग धरा. स्थिर चित्र दिसलं म्हणजे कमीपणा असंही नाही. टीव्ही अ‍ॅनिमेत सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एकेक चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे नवी चित्रं १२ किंवा ८च. खऱ्या खुणा वेगळ्या: दूरच्या चेहऱ्यांचे बिघडलेले आकार, घाव बसायच्या क्षणीच कॅमेरा वळणं, मधेच आलेला आधीच्या भागांचा सारांश. श्रेयनामावली थांबवून वाचा. एकाच भागाला अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकांची, म्हणजे चित्रं तपासून सुधारणाऱ्यांची, लांबलचक रांग असेल, तर वेळापत्रक कोलमडल्याची शक्यता मोठी. लढायांना मात्र अनेकदा ठरवूनच जास्त हात लावतात, तेव्हा नावं आणि चित्र दोन्ही जुळवा. अशा चुका नंतर निघणाऱ्या डिस्कवर पुष्कळदा दुरुस्त होतात. तुम्ही कोणती आवृत्ती पाहिली ते लिहाच.

शेवट तपासताना 'गोष्ट पूर्ण झाली नाही' हा आक्षेप एकटा पुरत नाही. कादंबरी चालूच असते आणि तिचा खप वाढावा ही निर्मात्यांची इच्छा असते. विचारायचं ते हे, की कूरच्या सुरुवातीला नायकापुढे जो प्रश्न ठेवला त्याचं काही उत्तर मिळालं का, आणि शेवटचा भाग खंडाच्या शेवटाशी येऊन थांबतो की अधेमधे तुटतो. लिहिताना प्रत्येक आक्षेपापुढे भागाचा क्रमांक, मिनिट आणि कादंबरीतलं पान द्या. ज्याला पान सापडत नाही, तो आक्षेप पटकथेच्या खात्यात टाकू नका.