निर्जंतुकीकरणाचा डबा खरंच यूव्हीसीचा आहे का? फ्रेमच्या काचेने तपासा

यूव्हीसी म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार. जंतू मारणाऱ्या यूव्हीसी एलईडीचा प्रकाश साधारण 260 ते 280 नॅनोमीटरचा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. काही डब्यांत मात्र 395–405 नॅनोमीटरचे जांभळे दिवे बसवलेले असतात. छान चमकतात, पण डबा चालतो तेवढ्या वेळात निर्जंतुकीकरण होत नाही.

1. पांढऱ्या कागदावर हायलायटरची जाड रेघ ओढून तो डब्याच्या तळाशी ठेवा.
2. अर्ध्या रेघेवर फोटोफ्रेमची साधी काच ठेवा. प्लॅस्टिक नको, काचच हवी.
3. मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून तो कडेला टेकवा, कॅमेरा रेघेकडे. झाकण लावून दहा सेकंद दिवा चालवा.

व्हिडिओत उघडी रेघ उजळलेली आणि काचेखालची जवळजवळ विझलेली दिसली, तर प्रकाश यूव्हीसी आहे. साधी काच तो अडवते. दोन्ही भाग सारखेच चमकले, तर तो डबा या कामाचा नाही. दिव्याची ताकद पुरेशी आहे का, हे मात्र यातून कळत नाही.

झाकणाचा सेफ्टी स्विच दाबून उघड्या डब्यात डोकावू नका. हा प्रकाश डोळे आणि त्वचा भाजतो, आणि त्रास काही तासांनी जाणवतो.