कच्च्या लोकरीचं सूत घरी कसं काढायचं (वन बीएचकेवाल्यांसाठी)

आधीच सांगते, टकळी (चकती लावलेली सूत कातायची काठी) फिरवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. लोक आधी टकळी घेतात, दोन व्हिडिओ बघतात आणि मग म्हणतात सूत सारखं तुटतंय, हाताला जमत नाही. हाताचं काही चुकत नसतं हो, लोकर नीट धुतलेली नसते नाहीतर पिंजलेली नसते. म्हणून मी धुण्या-पिंजण्यावरच जास्त बोलणारे, कंटाळा आला तरी ते वगळू नका.

लोकर मुंबईत कुठे मिळणार असं वाटतं, पण दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली रायगडात उतरतात, कर्जत-पेणच्या बाजूला शेतात त्यांचे वाडे (म्हणजे मेंढरांसकटचे तळ) दिसतात. वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात, त्यामुळे कधी कातरणार ते आधी विचारून ठेवायचं. हल्ली या लोकरीला भावच राहिलेला नाही, कितीतरी ठिकाणी कातरून तिथेच टाकून देतात, तरी फुकट मागू नका, पैसे द्या. ही दख्खनी मेंढीची लोकर, बहुतेक काळी नाहीतर करडी, राठ, मध्येमध्ये चक्क केसासारखे जाड तंतू. घोंगडीची लोकर आहे ही, यातून बाळाचं स्वेटर होणार नाही, ती अपेक्षा इथेच सोडा. त्यातल्या त्यात मऊ पाहिजे असेल तर जावळ मागायचं, म्हणजे कोकराची पहिली कातरण. पहिल्या वेळी अर्धा किलो पुष्कळ झाली. मी हावरटासारखी चार किलो आणली होती आणि ते पोतं दोन महिने बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे लपवून ठेवलं होतं, नवऱ्याला वास आला तेव्हा कळलं त्याला.

घरी आणली की पोतं घरात उघडायचं नाही. गच्चीवर न्या, जुनी चादर पसरा, तोंडाला मास्क लावा (कच्च्या लोकरीच्या धुळीतून आजार होऊ शकतात, आणि गोचीडही निघते अधूनमधून) आणि झटकत झटकत निवडा. लेंड्या, कुसळं, सराटे, पोटाखालचे आणि शेपटीजवळचे घाण गठ्ठे, हे सगळं सरळ फेकून द्यायचं. अगदी तोकडे तुकडेपण काढा, कातरताना दोनदा कात्री फिरली की असे अर्ध्या इंचाचे तुकडे पडतात आणि नंतर सुतात त्याच्याच गाठी होतात. मग हात साबणाने स्वच्छ धुवा.

आता धुणं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि मग ती लोकर सुटत नाही म्हणजे नाहीच. माझी पहिली खेप मी वॉशिंग मशीनमध्ये टाकली होती, जेंटल मोडवर. बाहेर आला तो एक सलग घट्ट गालिचा. असा मुद्दाम दाबून केला तर त्याला जेन म्हणतात, माझा आपोआप झाला, आता मांजर झोपते त्यावर.

तर मशीन नाही, बादली. रात्री साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी चहाच्या रंगाचं पाणी निघेल, माती आणि मेंढीचा घाम त्यातच जातो. असं दोनदा करा. मग लोकर मूठमूठ करून जाळीच्या पिशवीत भरायची, आपण फ्रीजमध्ये भाजीसाठी वापरतो ना त्याच पिशव्या. गिझरचं चांगलं कढत पाणी बादलीत, त्यात रिठ्याचं पाणी, रिठे नसतील तर शाम्पू किंवा भांड्यांचा लिक्विड चालतो पण कपड्यांची पावडर नको, त्यातल्या क्षाराने लोकर खराब होते. पिशवी हलकेच दाबून बुडवायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. ढवळू नका, पिळू नका, वरून नळाची धार सोडू नका. नंतर तेवढ्याच गरम पाण्यात दोनदा बुडवून काढायची, कारण कढत पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकली तरी ती आवळते. दख्खनी लोकरीत मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीइतकं तेल नसतं म्हणून एवढ्यावर भागतं. थोडा चिकटपणा राहिला तर राहू द्या, कातताना बरा पडतो. आणि हो, ते पाणी बाथरूमच्या जाळीत ओतताना खाली गाळणीचं फडकं धरा, नाहीतर आमच्यासारखी पाइप तुंबून खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील.

वाळवणं हा मुंबईचा खास प्रॉब्लेम आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा शोषून घेते आणि तरी हाताला कोरडीच लागते. त्यामुळे जुलैमध्ये वाटतं झाली कोरडी, पिशवीत भरून ठेवतो आणि आठ दिवसांनी उघडली की कुबट वास. पावसाळ्यात धुवायच्या भानगडीत पडूच नका. ऑक्टोबर हीटला आपण शिव्या घालतो पण लोकरीसाठी त्याच्यासारखे दिवस नाहीत, सावलीत जाळीवर पसरली तरी दोन दिवसांत खडखडीत.

मग मोकळी करणं. टीव्ही लावून बसा आणि चिमूट चिमूट लोकर दोन्ही हातांनी हळूहळू बाजूला ओढा, ढगासारखी व्हायला पाहिजे. राहिलेली कुसळं इथे गळतात, खाली पेपर अंथरा. जुन्या पद्धतीत हे काम धनुकलीने करतात, तीच गादीवाल्या पिंजाऱ्याची, ताणलेली तात लोकरीवर टणटण वाजवत. गावदेवीच्या मणिभवनात गांधीजी उतरायचे, त्यांनी पिंजायचे पहिले धडे तिथेच रस्त्यावरून रोज जाणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून घेतले. तिथले चरखे बघायला जरूर जा, पण आपलं काम त्याच्यावर होणार नाही, तो कापसाचा संसार आहे. कापसाचा तंतू आखूड, सूत बारीक आणि पीळ भरपूर. खादीवाल्यांकडची ती छोटी धातूची टकळीसुद्धा या जाड लोकरीला पुरत नाही.

धनुकली नसेल तर कार्ड लागतात, म्हणजे बारीक वाकड्या तारांचे दोन ब्रश. मी पेट शॉपमधले कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश घेतले, सेम काम करतात. एका ब्रशवर थोडीशीच लोकर लावायची, इतकी थोडी की तारा दिसल्या पाहिजेत, आणि दुसऱ्याने वरच्यावर विंचरायची, तारा तारांत घुसवायच्या नाहीत. चारपाच वेळा या ब्रशवरून त्या ब्रशवर घेतली की तंतू एका दिशेला येतात. मग ती पट्टी उचलून विणायच्या सुईवर सैलसर गुंडाळायची आणि सुई ओढून घ्यायची, हा झाला पेळू. बोटाएवढा जाड आणि हवेसारखा हलका पाहिजे. असे वीसेक पेळू डब्यात भरून झाल्याशिवाय टकळीला हात लावायचा नाही.

टकळी घरीच करा. फूटभर लांबीची गुळगुळीत काठी आणि खालच्या बाजूला चकती, एकूण वजन तीस-चाळीस ग्रॅम. घरात धूळ खात पडलेल्या दोन सीडी एकावर एक चिकटवल्या की तीसेक ग्रॅमची चकती तयार, मधल्या भोकात रबरी बूच घट्ट बसवायचं आणि त्यातून काठी घालायची. वरच्या टोकाला हार्डवेअरच्या दुकानातला छोटा कप हुक. फिरवून बघा, थरथरली तर चकती वाकडी बसली आहे.

काठीला हातभर तयार दोरा बांधून तो हुकातून वर घ्या, त्याच्या टोकावर पेळूचं टोक दोन इंच आडवं ठेवून चिमटीत धरा आणि टकळीला उजवीकडे एक गरका द्या. दोरीचा पीळ वर चढून लोकरीला मिठी मारतो, झाला सांधा. आता खरी युक्ती. सुरुवातीला टकळी लोंबकळत ठेवून एकाच वेळी फिरवायची पण आणि ओढायचं पण, हे जमत नाही, कुणालाच नाही. म्हणून गरका देऊन भरपूर पीळ भरून घ्या आणि टकळी सरळ दोन गुडघ्यांत दाबून धरा. खालच्या हाताची चिमूट पीळ अडवून ठेवते, वरचा हात पेळू हळूच मागे ओढतो, दोनतीन इंच, मग चिमूट वर सरकवायची की अडलेला पीळ त्या ओढलेल्या तंतूंत धावत जातो आणि डोळ्यांदेखत सूत होतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ओरडलेच होते.

दोन हात अगदी जवळजवळ धरले तर ओढताच येत नाही, कारण एकाच तंतूची दोन्ही टोकं तुम्हीच धरून बसलेले असता. हातांत तीनचार इंच अंतर पाहिजे. कर्जतच्या वाड्यावरच्या मावशींनी माझी पांढरी पडलेली बोटं बघून एवढंच सांगितलं, "अगं बाई, गळा आवळतीस व्हय तिचा? सैल धर, ती येतीया आपसूक." त्या बोलत होत्या, नातवाला ओरडत होत्या, चुलीत लाकूड सारत होत्या आणि हातातलं सूत एकसारखं. इकडे टकळी, तिकडे तोंडाची टकळी, दोन्ही चालू.

पीळ नेहमी आधी बारीक जागेत जातो, जाड जागा फुगलेलीच राहते. गाठ दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना धरून थोडा पीळ उलटा सोडा आणि ओढा, बारीक होते. सूत सुटून पडलं तर पीळ कमी आहे, वेटोळी घालायला लागलं तर जास्त. तुटलं की टोक पिंजून परत सांधा. माझे आजोबा मिलमध्ये स्पिनिंगला होते, १९८२च्या संपापर्यंत दिवसभर तुटलेलं सूतच सांधत होते, माझी गाठ मारलेली लडी त्यांनी पाहिली असती तर बोलणीच खाल्ली असती. गाठ मारायची नाही, दोन्ही टोकं पिंजूनच जोडायची.

हातभर सूत झालं की हुकातून काढून चकतीच्या जवळ काठीवर गुंडाळा, खाली रुंद वर निमुळतं. टकळी जड वाटायला लागली की थांबा. घोंगडीला सूत एकपदरीच वापरतात, फक्त मागावर ताणायचं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ देतात. क्रोशाने काही करायचं असेल तर दोनपदरी बरं, दोन गोळे दोन पातेल्यांत ठेवून दोन्ही सुतं एकत्र धरायची आणि टकळी आता डावीकडे फिरवायची. उलटीच, नाहीतर सगळा गुंता.

शेवटी लडी करून (खुर्चीच्या पाठीवर गुंडाळली तरी चालते) चार ठिकाणी सैल बांधा, वीस मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि बाथरूमच्या भिंतीवर दोनतीनदा जोरात आपटा, त्याने पीळ सगळीकडे सारखा बसतो. वाळल्यावर लडी सरळ लोंबली तर जमलं, स्वतःभोवतीच गिरक्या घेतल्या तर पीळ जास्त झालाय. माझ्या पहिल्या लडीचं सूत इतकं जाडंभरडं होतं की त्याचं गरम भांड्याखाली ठेवायचं आसन केलं, लोकर सहजासहजी पेट घेत नाही त्यामुळे कुकरखाली एकदम बेस्ट आहे ते. उरलेली लोकर मात्र कापडी पिशवीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा आणि महिन्यातून एकदा ऊन दाखवून झटका, कसर एकदा लागली की अख्खं पोतं जातं.