ग्रीक बेटावर मुक्काम कुठे करायचा: हॉटेलाआधी गाव ठरवा

नागपूरहून ग्रीसला निघणारी बरीच कुटुंबं आधी हॉटेलचे फोटो बघतात आणि फोटोवरून बेट ठरवतात. ते हॉटेल बेटाच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यात आहे, हे तिथे सामान उतरवल्यावरच कळतं. क्रम उलटा ठेवा: आधी महिना, मग बेट, मग त्या बेटावरचं गाव, आणि खोली सगळ्यांत शेवटी. सपाट शहरात राहणाऱ्यांना अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सवय असते. या बेटांवर ते पायऱ्यांमध्ये, वाऱ्यामध्ये आणि शेवटच्या बसच्या वेळेत मोजावं लागतं.

महिना

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, ही आपली मोठी सोय आहे. नवतप्यात नागपूर ४५ अंशांच्या आसपास तापत असतं, तेव्हा एजियन समुद्रातल्या बेटांवर दुपार साधारण २५ ते २८ अंशांची असते. खोल्यांचे दर जुलै-ऑगस्टपेक्षा कमी, बोटी नियमित आणि गर्दी सोसण्याजोगी. लहान मुलांना पाण्यात खेळायचं असेल तर मेपेक्षा जूनचा मधला काळ घ्या, कारण मे महिन्यात समुद्र अजून गार असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा दिवसेंदिवस वाहतो. तेव्हा उत्तरेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावरची खोली घेतली तर वाळू तोंडावर उडते, गॅलरीत बसवत नाही आणि मुलांना पाण्यात सोडता येत नाही. त्या दोन महिन्यांत दक्षिणेकडे किंवा डोंगराच्या आडोशाला असलेलं गाव शोधा. १५ ऑगस्ट हा तिथे मेरीमातेचा मोठा सण असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात जशी खोली मिळत नाही, तसंच त्या दिवशी तिनोस आणि पारोस या बेटांवर होतं.

दिवाळीच्या सुट्टीचा बेत मात्र जपून करा. ऑक्टोबरअखेर छोट्या बेटांवरची बहुतेक हॉटेलं दारं लावतात आणि बोटी कमी होतात. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. तेव्हा जायचंच असेल तर बाराही महिने वस्ती जागी असणारं ठिकाण घ्या: क्रीटवरचं हानिया किंवा इराक्लिओ, ऱ्होड्स शहर, नाहीतर सिरोस बेटावरचं एर्मूपोली.

बेट: बोटीच्या नकाशावरून

ग्रीक बेटं एका ओळीत नाहीत. सांतोरिनी, नाक्सोस, पारोस, मिकोनोस ही सिक्लाडीस गटातली, एकमेकांना बोटीने जोडलेली. कॉर्फू, झाकिंथोस, केफालोनिया देशाच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात आहेत. कॉर्फूची बोट इगुमेनित्सा बंदरातून सुटते, अथेन्सच्या पिरेअसमधून नाही. म्हणून "तीन दिवस सांतोरिनी, तीन दिवस कॉर्फू" हा बेत कागदावर बरा दिसला तरी त्यातला एक अख्खा दिवस विमानतळांवर जातो.

क्रीटचा आकार लोकांना नीट समजत नाही. पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे नागपूरहून अकोल्याइतकं. हानिया ते इराक्लिओ जवळजवळ नागपूर-अमरावती. एका टोकाला राहून दुसऱ्या टोकाची ठिकाणं रोज पाहता येत नाहीत. सामारियाची १६ किलोमीटरची घळ उतरायची असेल तर हानियाला राहा. क्नोसोसचा राजवाडा आणि इराक्लिओचं वस्तुसंग्रहालय पाहायचं असेल तर इराक्लिओला. एकच मुक्काम हवा असेल तर रेथिम्नो मध्ये पडतं, पण मग दोन्हीकडे रोज तासाभराहून जास्त गाडी चालवायची तयारी ठेवा.

सात-आठ रात्रींत दोन बेटं पुरेत. बेट बदलण्याच्या दिवशी सकाळी ११ च्या सुमारास खोली सोडावी लागते, नवीन खोली दुपारी २-३ ला मिळते, मधला वेळ सामान सांभाळण्यात जातो. तिसरं बेट घुसवलं की तोच प्रकार आणखी एकदा.

सांतोरिनी: कड्यावर की समुद्राकाठी

बहुतेकांची चूक इथेच होते, म्हणून जरा विस्ताराने. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मध्ये ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि बेटाचा मधला भाग समुद्रात खचला. खचून झालेल्या त्या खोलगट भागाला कॅल्डेरा म्हणतात, आणि त्याच्या कडेने उंच कडा उरला. फिरा, फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली आणि इया ही फोटोतली पांढरी गावं या कड्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसली आहेत. तिथून सूर्यास्त दिसतो, पण समुद्रात पाय बुडवता येत नाहीत. इमेरोविग्लीला पाणी सुमारे ३०० मीटर खाली आहे. कामारी आणि पेरिस्सा ही काळ्या वाळूची गावं पूर्व बाजूला आहेत. तिथे किनारा दारात, जमीन सपाट, दर बरेच कमी. सूर्योदय मिळतो, सूर्यास्त नाही.

कड्यावरच्या बहुतेक खोल्यांपर्यंत गाडी जात नाही. रस्त्यावर उतरायचं आणि उतारावरच्या पायऱ्यांनी खाली जायचं. परत येताना त्या चढायच्या असतात, दिवसातून तीन-चार वेळा. रामटेकचा गड अंबाळ्याकडून पायऱ्यांनी चढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गुडघ्यांचा त्रास असलेले आजी-आजोबा किंवा बाबागाडीतलं मूल बरोबर असेल तर हॉटेलला लेखी विचारा: "गाडी थांबते तिथपासून आमच्या खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या? सामान कोण उचलणार?" "थोड्या पायऱ्या" हे उत्तर घेऊ नका, आकडा मागा.

कड्यात कोरलेली गुहेसारखी घरं फोटोत फार सुंदर दिसतात. दगडामुळे ती आतून गार राहतात. पण खिडक्या फक्त पुढच्या बाजूला असतात, त्यामुळे मागच्या खोलीत उजेड कमी आणि कधीकधी ओल असते. दमा असलेल्या माणसासाठी अशी खोली घेताना अलीकडच्या मुक्कामींनी ओलीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. खासगी पूल असेल तर पाणी गरम करतात का हेही विचारा. मे महिन्यात गरम न केलेल्या पुलात कोणी उतरत नाही. इयामध्ये काही गच्च्या पायवाटेच्या अगदी खाली आहेत, वरून जाणारे सगळे तुमचा नाश्ता बघतात.

बसचं गणितही गावावर अवलंबून आहे. सांतोरिनीच्या बसगाड्यांचं केंद्र फिरा. नागपूर मेट्रोची लाइन बदलायला जसं बर्डीला उतरावं लागतं, तसं इथे कुठूनही कुठे जायचं तर बहुधा फिराला बस बदलावी लागते. कामारी आणि पेरिस्सा नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये मेसा वूनो हा डोंगर उभा आहे. रस्ता वळसा घालून जातो. गाडी न घेता फिरणाऱ्यांना फिरा किंवा फिरोस्तेफानी सोयीचं. इया तिथून सुमारे ११ किलोमीटर दूर आणि महाग.

आमचं मत स्पष्ट आहे: नवविवाहितांनी इमेरोविग्लीला दोन रात्री घ्याव्यात आणि उरलेले दिवस दुसऱ्या बेटावर काढावेत. कुटुंबाने कामारीला राहावं आणि एका संध्याकाळी बसने फिराला जाऊन सूर्यास्त पाहावा. तो तिथून फुकट दिसतो.

नाक्सोस, पारोस आणि बाकीची

चार-सहा जणांच्या कुटुंबाला नाक्सोस सगळ्यांत सोपं. बंदर आणि मुख्य गाव होरा एकाच जागी आहेत. होरालगतच्या आगिओस गेओर्गिओस किनाऱ्यावर खोली घेतली तर बाजार, बसथांबा आणि उथळ पाणी, तिन्ही चालत गाठता येतात. आगिओस प्रोकोपिओस आणि आगिया आना थोडं दूर, पण वाळू अधिक चांगली. प्लाका आणखी पुढे आणि शांत. तिथे रात्री बसवर विसंबू नका. होराच्या जुन्या किल्ल्याच्या भागात मात्र चढ, पायऱ्या आणि अरुंद बोळ आहेत, म्हाताऱ्या माणसांना तिथे नेऊ नका.

पारोसवर बोटीचं बंदर पारिकिया. नाउसा साधारण १० किलोमीटरवर, जेवणाखाण्याला रंगतदार, पण उन्हाळ्यात रात्री गजबज. सकाळी लवकरची बोट असेल तर शेवटची रात्र पारिकियात काढा.

मिकोनोस महाग आहे आणि रात्री जागतं. मुलांना घेऊन जायचंच तर दक्षिण बाजूचं ओर्नोस किंवा प्लातिस यालोस घ्या, वाऱ्यापासून आडोसा मिळतो. इद्रा बेटावर मोटारी नाहीत, सामान गाढवावरून किंवा हातगाडीने जातं. बंदरापासून चालत किती, हे विचारून घ्या. ऱ्होड्सचं तटबंदीतलं जुनं शहर राहायला फार छान, पण आत गाड्यांवर निर्बंध आहेत, दगडी फरसबंदीवर चाकांची बॅग ओढावी लागते.

खोली

तिथे "स्टुडिओ" म्हणजे एक खोली आणि कोपऱ्यात छोटा ओटा, फ्रीज, विजेची शेगडी. शाकाहारी कुटुंबाला हॉटेलपेक्षा हा प्रकार चांगला. शेगडी इंडक्शनची आहे का साधी, हे विचारा, कारण ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. प्लग दोन गोल पिनांचा लागतो. आपला तीन पिनांचा बसत नाही, अडॅप्टर न्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची.

रोज स्वयंपाक करावा लागेल असं नाही. खानावळीत "निस्तिसिमो" हा शब्द विचारा: उपवासाच्या काळात खातात तसे मांस, दूध, अंडी नसलेले पदार्थ. शिंपले किंवा माकूल त्यात चालतात, म्हणून एवढं एक विचारून घ्या. सांतोरिनीची प्रसिद्ध फावा ही डाळ लाथिरस वंशातली, म्हणजे आपल्या लाखोळीची जवळची नातेवाईक. घट्ट वरणासारखी, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. वैदर्भीय जिभेला ती लगेच ओळखीची वाटते.

बाथरूममध्ये जेट स्प्रे नसतो, म्हणून पाण्यासाठी एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. बऱ्याच जागी कागद कमोडमध्ये टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद असल्याने तुंबतात. सांतोरिनीवर नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचं घ्या.

"सी व्ह्यू" या शब्दाने हुरळू नका. गॅलरीतून मान वळवून दिसणारी निळी पट्टीसुद्धा त्यात येते. मुक्कामींनी काढलेले फोटो बघा आणि नकाशावर इमारतीचं तोंड कुणीकडे आहे ते तपासा. अभिप्राय वाचताना तुम्ही जाणार त्याच महिन्याचे वाचा: ऑगस्टमधल्या तक्रारी जूनला लागू नसतात आणि मे महिन्यातलं कौतुक ऑगस्टला. जर्मन, फ्रेंच मंडळींचे अभिप्रायही भाषांतर करून वाचा.

दराखेरीज एक कर खोलीवर जातो आणि बहुधा तिथेच भरावा लागतो. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये एका खोलीला रात्रीचे १-२ तारांकित हॉटेलात २ युरो, ३ तारांकितमध्ये ५, ४ तारांकितमध्ये १० आणि ५ तारांकितमध्ये १५ युरो. ४ तारांकितमध्ये सात रात्री म्हणजे ७० युरो वेगळे काढून ठेवा. अल्पमुदतीच्या भाड्याच्या फ्लॅटला साधारण ८ युरो. असा फ्लॅट घेताना जाहिरातीत एएमए हा नोंदणी क्रमांक दिसतो का पाहा. नसेल तर सोडून द्या.

बुकिंग आणि व्हिसा

शेंगेन व्हिसासाठी (ग्रीस, इटली अशा युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा व्हिसा) प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमाही. एखादी रात्र बोटीत काढणार असाल तर तिचं तिकीट जोडा, मधली रात्र कोरी ठेवू नका. बुकिंगवर सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द होणारंच बुकिंग करा. स्वस्त पण परत न मिळणाऱ्या दराने खोली घेतली आणि व्हिसा लांबला तर सगळे पैसे जातात. ग्रीसबरोबर इटलीही जोडत असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज जातो, म्हणून रात्री आधी मोजा. गाडी चालवायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या.

नागपूरहून दिल्ली, मुंबई किंवा आखातातून विमान बदलून अथेन्सला पोचेपर्यंत बरेचदा दुपार होते, आणि बेटांच्या बऱ्याच बोटी सकाळी ७-८ ला सुटतात. म्हणून पहिली रात्र अथेन्स किंवा पिरेअसमध्ये धरा. विमानतळावरून मेट्रोची ३ क्रमांकाची लाइन थेट पिरेअसला जाते, सुमारे तासभर लागतो. पिरेअस बंदर मोठं आहे, दरवाजे ई-१ पासून ई-१२ पर्यंत. खोली घेण्याआधी बोट कुठल्या दरवाजातून सुटते ते बघा.

शेवटची रात्रही अथेन्समध्येच. वारा बोफर्ट मोजपट्टीवर ८ च्या आसपास गेला की बोटी थांबवतात, वेगवान बोटी त्याआधीच. अधूनमधून संपही होतात. बेटावरून सकाळची बोट आणि संध्याकाळचं विमान असा बेत करू नका. नऊ रात्री असतील तर अथेन्स १, नाक्सोस ४, सांतोरिनी ३ आणि पुन्हा अथेन्स १ अशी वाटणी करा. नाक्सोस ते सांतोरिनी बोटीला साधारण दीड-दोन तास लागतात. ते तिकीट खोल्या पक्क्या झाल्यावर लगेच काढा.